खडकाळ आणि चढउताराच्या भूभागासाठी शिकारीचे बूट: ताठ तळ की लवचीक?

शिकारीसाठी बूट घेताना बहुतेक जण आधी उंची पाहतात, मग आत जलरोधक अस्तर आहे का ते विचारतात आणि शेवटी किमतीवर घासाघीस करतात. तळाचा ताठपणा मात्र क्वचितच कोणी तपासतो. खडकावर पाय टिकणार की नाही, हे मुख्यतः त्यावरच अवलंबून असते. म्हणून या तुलनेसाठी मुद्दाम दोन टोकांचे बूट निवडले आहेत. केनेट्रेक कंपनीचा ‘माउंटन एक्स्ट्रीम’ १० इंच उंचीचा व २.८ मिलिमीटर जाडीच्या चामड्याचा असून त्याच्या तळात ताठपणासाठी ७ मिलिमीटरचा नायलॉनचा थर आहे. डॅनर कंपनीचा ‘प्रॉन्गहॉर्न’ ८ इंचांचा, चामडे आणि नायलॉन कापड एकत्र वापरून बनवलेला, गोअर-टेक्सचे जलरोधक अस्तर असलेला आणि तुलनेने मऊ आहे.

टाच एका हातात, चवडा दुसऱ्या हातात धरून बूट वाकवला की फरक लगेच कळतो. ताठ तळ जेमतेम हलतो, आणि नेमका हाच त्याचा गुण कातळावर उपयोगी पडतो: दोन बोटे रुंदीच्या कंगोऱ्यावर चवड्याची फक्त कड टेकली तरी बूट वाकत नाही, त्यामुळे सगळा भार पोटऱ्यांवर येत नाही. उतार आडवा कापताना तळाची वरच्या बाजूची कड घसाऱ्यात रुतते आणि पाय मुरगळण्याचा धोका कमी होतो. मऊ तळातून मात्र प्रत्येक टोकदार दगड जाणवतो, आणि पाठीवर मांसाचे ओझे असेल तर दिवस मावळेपर्यंत तळपाय अक्षरशः जळू लागतात.

गवताळ टेकड्यांवर हाच हिशोब उलटतो. तिथे पाऊल टाचेपासून चवड्यापर्यंत सहज वळले पाहिजे. तळ वळत नसेल तर टाच आतल्या आत वर-खाली होते, घासते आणि फोड येतात. शिवाय आवाजाचा प्रश्न आहे, ज्याची दखल गिर्यारोहणाच्या बुटांची परीक्षणे सहसा घेत नाहीत. ताठ तळ खडकावर टकटक वाजतो आणि पायाखालची वाळकी काटकी त्यातून कळतच नाही. मऊ तळाच्या बुटात ती पूर्ण भार टाकण्याआधी जाणवते आणि पाऊल मागे घेता येते. सावजाच्या जवळ जाताना शेवटच्या टप्प्यात हा फायदा लहान म्हणता येणार नाही.

म्हणून एकच जोड घ्यायचा असेल तर माझा कल मधल्या ताठपणाकडे आहे. माइंडल ही जर्मन कंपनी आपले बूट ‘ए’ ते ‘डी’ अशा श्रेणींत मांडते: ‘ए’ साध्या चालण्यासाठी, तर ‘डी’ बर्फावरच्या अवघड चढाईसाठी. मिश्र भूभागाला यातली ‘बी/सी’ श्रेणी मानवते. इटलीची क्रिस्पी स्वतःची वेगळी मोजपट्टी वापरते, तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. ज्यांची सगळी शिकार उभ्या कातळात आणि जड ओझ्यासह होते, त्यांनी मात्र तडजोड न करता केनेट्रेकसारखा बूट घ्यावा आणि तो पायाला रुळेपर्यंत घराजवळच वापरावा.

ऊबदार थराबाबत थोडक्यात सांगायचे तर ४०० ग्रॅम थिन्सुलेट (ऊब टिकवणारे कृत्रिम तंतूंचे अस्तर) म्हणजे त्या थराचे दर चौरस मीटरचे वजन, बुटाचे नव्हे. सतत चढउतार करणाऱ्याला तो थर बहुधा नकोच, कारण चढताना मोजे घामाने भिजतात आणि टेहळणीला बसले की तेच पाय गारठतात.

माप घेताना जाड मोजे घालून उतरत्या फळीवर उभे राहून पाहावे. बोटे पुढे आदळत असतील तर तो बूट खाली ठेवावा, दुकानदार ‘वापरात सैल होईल’ म्हणाला तरी. जुना साठा सवलतीत मिळत असेल तर तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा (फेसासारख्या प्लास्टिकचा) आहे का ते विचारावे. हा थर हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षे हळूहळू विघटित होतो, आणि खोक्यात न वापरता पडून राहिलेल्या बुटाचा तळसुद्धा ऐन चढावर भुगा होऊन सुटू शकतो.