वेल्समधलं जुनं शेतकऱ्याचं घर बघायचंय: १५०८ चं की १५४४ चं?

कार्डिफला जाणार असाल आणि जुन्या बांधकामाची आवड असेल तर सेंट फॅगन्सचं म्युझियम सोडू नका. शहराच्या पश्चिमेला जवळच आहे, एन्ट्री फ्री आहे, १९४८ साली सुरू झालं आणि तेव्हापासून वेल्सच्या कानाकोपऱ्यातल्या इमारती सुट्या करून इथं आणून परत उभ्या केल्यात. चाळीसच्या वर झाल्यात आता, त्यामुळे अर्धा दिवसच असेल तर निवड करावीच लागते. शेतकऱ्यांच्या घरांत खरी चुरस दोघांचीच, डेन्बीशरचं हेंद्रेर-अविथ इखाव आणि तिकडे कॅनारवनजवळचं अ गारेग वाउर. लाकडातली वाढीची वर्तुळं मोजून पहिल्याचं साल १५०८ निघालं, दुसऱ्याचं १५४४. मध्ये फक्त ३६ वर्षं, पण घरं बघाल तर काही म्हणता काही सारखं नाही.

आधी हेंद्रे. याला धुराडंच नाही! मधल्या खोलीत जमिनीवर उघडी चूल, वर माळा नाही, थेट छप्पर, आणि धूर जाणार तो गवती छपरातनं नाहीतर खिडक्यांतनं, त्या खिडक्यांना काचही नाही, नुसते लाकडी गज आणि लावायला फळ्या. एका टोकाला गुरं-घोडी, दुसऱ्या टोकाला माणसं, सगळे एकाच छपराखाली. भिंती विणलेल्या काटक्यांवर माती लिंपलेल्या, म्हणजे आपल्या कोकणातली कुडाची भिंतच समजा. पण या घरात सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो क्रकला. क्रक म्हणजे ओकची दोन मोठी वाकडी लाकडं, खालपासून सुरू होऊन वर आढ्याला एकमेकांना भिडलेली, बऱ्याचदा एकच वाकडं झाड उभं चिरून दोन्ही काढायचे म्हणून जोडी आरशातल्यासारखी जुळते. छपराचा भार या जोड्यांवर, भिंतीवर नाही, भिंत नुसती आडोशाला. आत उभं राहून एकदा मान वर करून बघा, सांगाडा कसा काम करतो ते आपोआप कळतं, कुणी शिकवायला नको.

गारेग वाउरचा खाक्याच वेगळा. स्नोडोनियाच्या डोंगराळ भागातलं घर, दगड मुबलक, त्यामुळे जाडजूड दगडी भिंती, त्यात काही धोंडे तर एवढे मोठे की ते जागेवर बसवले कसे असा प्रश्न पडतो, आणि वर स्लेटचं छप्पर. दोन्ही टोकांना धुराडी. आणि सगळी गंमत या धुराड्यातच आहे, कारण धूर भिंतीतनं वर गेला की खोली छपरापर्यंत मोकळी ठेवायची गरजच उरत नाही, मध्ये मजला टाकता येतो, वर झोपायच्या खोल्या निघतात. गुरं या छपराखाली नाहीतच. समोरासमोर दोन दारं आहेत तेवढी नक्की बघा, ही जुन्या घरांची सवय इथंही टिकून आहे.

मग निवडायचं कुठलं? राहायला कुठलं बरं असतं म्हणाल तर गारेग, त्यात वादच नाही. पण बघायला एकच असेल तर मी हेंद्रेच सांगेन. धुराड्याआधीचं जगणं असं आत जाऊन बघायला मिळणं फार दुर्मिळ, कारण अशी जी घरं टिकली त्यांत बहुतेक ठिकाणी नंतर धुराडं आणि मजला घुसवलाय. वेळ असेल तर हेंद्रे आधी, गारेग नंतर, हाच क्रम ठेवा, उलटं केलंत तर धुराड्याचं महत्त्व तेवढं जाणवत नाही.

बरोबर लहान मुलं असतील तर तिसरं नाव केनिक्स्टन, गॉवरचं, १६१० चं. लालभडक भिंती (वाईट शक्ती लांब राहाव्यात म्हणून, असं मानायचे) आणि कपाटात बसवलेला पलंग, पोरं खूश होतात.

आणि पुढे उत्तरेला स्नोडोनियात जाणारच असाल तर गारेग बिनधास्त वगळा. पेनमाख्नोजवळ टी माउर विबरनांत हे त्याच धाटणीचं घर आपल्या मूळ जागी, दरीत उभंय. १५८८ साली अख्खं बायबल वेल्श भाषेत आणणाऱ्या विल्यम मॉर्गनचं हे जन्मस्थान, नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. फक्त रस्ता अरुंद आहे आणि घर रोज उघडं नसतं, तेव्हा दिवस बघूनच निघा.