सॅं-मालो : ओहोटीची वेळ विचारून पाहावे असे गाव

अलिबागला कुलाब्याचा किल्ला पाहायला निघालेला माणूस आधी ओहोटी कधी आहे, हे विचारतो. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील सॅं-मालोलाही हाच रिवाज आहे, आणि तो न पाळल्यामुळे आमचा पहिला दिवस निम्मा वाया गेला. गावाच्या तटाबाहेरील खडकावर १६८९ साली फ्रान्सचा नामांकित दुर्गरचनाकार वोबाँ याच्या आराखड्यानुसार बांधलेला फोर नास्योनाल हा किल्ला आहे. ओहोटीला वाळू तुडवत थेट त्याच्या दरवाजापाशी जाता येते, भरतीला त्याचे बेट होते. किल्ला खुला असला की त्यावर झेंडा फडकतो; आम्ही पोहोचलो तेव्हा झेंडाही नव्हता आणि वाळूही नव्हती. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीच्या पातळ्यांत १२ मीटरांहून अधिक अंतर पडते, म्हणजे मुंबईच्या दुपटीपेक्षा जास्त.

तेवढा वेळ तटावरून फिरण्यात घालवला आणि तेच या गावातले सर्वोत्तम दोन तास ठरले. सुमारे पावणेदोन किलोमीटरची ही फांजी अखंड चालता येते आणि तिला तिकीट नाही. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला करड्या ग्रॅनाइटच्या उंच घरांची रांग असते. ही घरे जुनी वाटतात, पण ऑगस्ट १९४४ मधील बॉम्बफेक, तोफमारा आणि आगीत तटाच्या आतील सुमारे ८० टक्के गाव बेचिराख झाले होते. तट मात्र बहुतांशी टिकला. पुढे जुन्या घडणीचा मान राखून गाव नव्याने उभारले गेले. जवळून पाहिले तर काही भिंतींचे चिरे फारच सरळ आणि कडा फारच धारदार दिसतात. हे कळल्यावर काहींचा हिरमोड होईल. मला स्वतःला तो निर्धार एखाद्या मूळ वाड्याइतकाच पाहण्याजोगा वाटला.

ओलांद बुरुजावर, १५३४ साली कॅनडाच्या किनाऱ्याला लागलेल्या जाक कार्त्ये याचा पुतळा आहे. किनाऱ्यावर ओढलेल्या जहाजांच्या राखणीसाठी रात्री दांडगे कुत्रे मोकळे सोडण्याची पद्धत येथे १७७० पर्यंत चालू होती. भारतीय वाचकाला अधिक जवळची दोन नावे म्हणजे १७४६ मध्ये इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बूर्दोने आणि १८०० मध्ये बंगालच्या उपसागरात ‘केंट’ हे इंग्रजी जहाज पकडणारा सुर्कूफ. दोघेही याच गावचे. इंग्रजांच्या लेखी सुर्कूफ चाचा होता, गावाच्या लेखी तो सरकारी परवान्याने लढणारा दर्यावर्दी. कान्होजी आंग्र्यांवरून झडलेला वाद ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही.

जेवणाच्या बाबतीत तक्रार आहे. आम्ही ज्या खानावळीत शिरलो, तेथे दुपारी दोननंतर चूल बंद झाल्याचे कोरडेपणाने सांगण्यात आले. संध्याकाळी दुसरीकडे गालेत मिळाले. कुट्टूच्या पिठाचे हे पातळ, जाळीदार घावनच. कडा कुरकुरीत, वर खारवलेले लोणी वितळलेले. नेहमीच्या गालेतमध्ये हॅम असते, त्यामुळे शाकाहारींनी केवळ अंडे आणि चीज, किंवा नुसते चीज मागावे.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून थेट रेल्वेने सुमारे अडीच तासांत येथे पोहोचता येते, त्यामुळे अनेकजण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. माझ्या मते एक मुक्काम हवाच, म्हणजे निदान एक ओहोटी दिवसाउजेडी पदरात पडते. आम्हाला ती दुसऱ्या सकाळी मिळाली. ग्रां-बे बेटाकडे जाणाऱ्या शेवाळलेल्या दगडी वाटेने आम्ही, पावले जपून टाकत, शातोब्रियाँच्या थडग्यापर्यंत गेलो. १८४८ मध्ये वारलेल्या या लेखकाचे नावही त्यावर नाही. समुद्राकडे तोंड केलेला साधा दगडी क्रूस तेवढा आहे. तेथे बसून राहावेसे वाटत होते, पण वाटेच्या दोन्ही कडांना पाणी लागू लागले होते, तेव्हा उठलो.