स्टॅकवाल्या भाषेत स्ट्रिंग: फोर्थच्या वाटेनं जायचं की पोस्टस्क्रिप्टच्या?

आमच्या भुसावळच्या एका भाच्यानं कॉलेजच्या प्रोजेक्टला स्वतःची छोटी स्टॅक-बेस्ड प्रोग्रामिंग भाषा करायला घेतलीय (स्टॅक म्हणजे एकावर एक ठेवलेली रास, वरचं आधी उचलायचं), बेरीज-वजाबाकी दोन दिवसात झाली आणि स्ट्रिंगपाशी, म्हणजे मजकुराच्या तुकड्यापाशी, गाडी अडकली. "मामा, आकडा स्टॅकवर टाकता येतो, पण केळी हा शब्द कसा टाकू?" त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथं लिहितोय, कुणी ह्याच फाट्यावर उभा असेल तर कामाला येईल.

फोर्थ ही जुनी स्टॅकवाली भाषा, तिच्यात स्ट्रिंग म्हणजे स्टॅकवर दोन आकडे, मेमरीतला पत्ता आणि वर लांबी. लिहायचं असं: एस" केळी" (एस म्हणजे इंग्रजी अक्षर). त्या अवतरणचिन्हानंतरची स्पेस शोभेची नाही भो, कारण एस" हा स्वतःच एक शब्द (फोर्थमध्ये आज्ञेला शब्द म्हणतात) आहे, तो पुढच्या अवतरणापर्यंतचा मजकूर गिळतो, स्पेस विसरलास तर एस"केळी" असा शब्दच माहीत नाही म्हणून एरर. फायदा मोठा आहे: तुकडा पाडायचा तर पत्ता पुढे सरकवला, लांबी कमी केली, झालं, कॉपी काही नाही. तोटा म्हणजे प्रत्येक स्ट्रिंग दोन जागा अडवते, त्यामुळे डूप (वरच्याची नक्कल), स्वॅप (वरच्या दोघांची अदलाबदल) ह्यांच्या जागी टूडूप, टूस्वॅप, आणि तीन स्ट्रिंगा झाल्या की डोकं गरगरतं.

फोर्थमधलाच जुना प्रकार म्हणजे पहिल्या बाइटात लांबी आणि स्टॅकवर फक्त एक पत्ता. सुटसुटीत वाटतं, पण एका बाइटात २५५ च्या वर आकडा मावत नाही आणि यूटीएफ-८ (अक्षरं बाइटात साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे मराठीची ८५ चिन्हं झाली की दुकान बंद. आज नव्यानं हे घेऊ नको.

आता माझी फजिती. एका छोट्या बोर्डावर फोर्थ टाकून वजनकाट्याच्या पावतीचा खेळ करत होतो. प्रॉम्प्टवर आधी रावेर टाकलं, मग यावल, आणि दोनदा टाईप (स्टॅकवरची स्ट्रिंग छापणारा शब्द) म्हटलं. पहिल्यांदा यावल आलं, ठीक. दुसऱ्यांदा रावेर यायला हवं तर आलं "यावलर"! अर्धा तास टर्मिनललाच शिव्या घातल्या. झालं असं की प्रॉम्प्टवरच्या स्ट्रिंगला त्या फोर्थमध्ये एकच बफर (तात्पुरती जागा) होता, रावेरचे १५ बाइट, त्यावर यावलचे १२ बसले, शेवटचा र तसाच उरला. फोर्थच्या १९९४ च्या स्टँडर्डला एक बफर चालतो, २०१२ च्यात दोन आले. शब्दाच्या व्याख्येत लिहिलेल्या स्ट्रिंगला ही भानगड नाही, ती कंपाईल होऊन जागेवर बसते.

पोस्टस्क्रिप्ट म्हणजे पान कसं छापायचं ते प्रिंटरला सांगणारी स्टॅकवाली भाषा, तिची वाट वेगळी. स्ट्रिंग गोल कंसात, (केळी), आणि स्टॅकवर एकच वस्तू. कंसात कंस जुळत असतील तर (केळी (पिकलेली)) असं बिनधास्त चालतं, सुटा कंस असेल तरच आधी बॅकस्लॅश. लिहायला मला हीच आवडते. पण डूप केलं की कॉपी होत नाही, दोघं एकाच मजकुराकडे बोट दाखवतात. त्याहून वाईट म्हणजे प्रोसीजरमधली लिटरल (कोडमध्येच लिहून ठेवलेली स्ट्रिंग) एकदाच तयार होते: वजनासाठी चार स्पेसची स्ट्रिंग ठेवलीस, तिच्यात १२४० भरलंस, पुढच्या गाडीला ९८० भरलंस, तर वाचताना ९८०० किलो! व्यापारी खूश, आपण गार.

डीसी ह्या युनिक्सवरच्या स्टॅकवाल्या कॅल्क्युलेटरमध्ये चौकोनी कंस आणि स्ट्रिंग हाच मॅक्रो, एक्स म्हटलं की आतला मजकूर चालू. गंमत भारी, पण मजकूर आणि कोड वेगळा ठेवायचा असेल तर नको.

लांबी मोजायचं पण आधीच ठरव. केळी फोर्थ आणि पोस्टस्क्रिप्टमध्ये १२ (बाइट), फॅक्टर ह्या आणखी एका स्टॅकवाल्या भाषेत ४ (युनिकोड चिन्हं), आणि आपल्या आजीला विचारलंस तर २.

भाच्याची भाषा लॅपटॉपवर चालणारय, मेमरीची चणचण नाही, म्हणून त्याला म्हटलं गोल कंस घे, एक स्ट्रिंग एक वस्तू, आणि लिटरल बदलूच देऊ नको, बदलायची असेल तर आधी कॉपी करायला लाव. तेच जर काही किलोबाइटच्या बोर्डावर असतं तर पत्ता-लांबीच घ्यायला लावलं असतं, टूस्वॅपचा त्रास सोसून. तो म्हणे बरं, आणि लगेच पुढचा प्रश्न, "मग स्ट्रिंग फेकून दिल्यावर मेमरी कोण मोकळी करणार?" म्हटलं आधी जेव, भरीत गार होतंय.