गिअरबॉक्सचं तेल बिलात बदललं, गाडीत नाही

पावसाळ्यापूर्वीची सर्व्हिस म्हणून रत्नागिरी तालुक्यातल्या एका गृहस्थांनी आपली २०१३ सालची बीएमडब्ल्यू ५२०डी महामार्गालगतच्या एका गॅरेजला दिली. बिल आलं ८६ हजार ४०० रुपयांचं. त्यात मोठ्या बाबी चार: इंजिन ऑइल आणि फिल्टर, गिअरबॉक्स ऑइल 'संपूर्ण बदल', नवी एजीएम (काचतंतूंच्या थरात आम्ल शोषून ठेवणारी) बॅटरी आणि डिकीतल्या मॉड्यूलची, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण पेटीची, दुरुस्ती. जूनचा पहिला जोराचा पाऊस झाला आणि डॅशबोर्डवर एकामागून एक इशारे यायला लागले. गाडी लिफ्टवर चढवून बिल हातात धरून एकेक ओळ तपासली, तेव्हा चारांपैकी एकही काम लिहिल्याप्रमाणे झालेलं नव्हतं. प्रकरण नोटिशीपर्यंत गेलं आहे, म्हणून गॅरेजचं नाव इथे देत नाही. पण फसवणूक ज्या रीतीने झाली, ती ओळखता आली पाहिजे.

आधी गिअरबॉक्स, कारण पैसा तिथेच जास्त खाल्ला जातो. या गाडीला झेडएफचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. बीएमडब्ल्यू याच्या तेलाला 'आयुष्यभराचं' म्हणते. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ मात्र ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षं, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तेल बदला, असं सांगते. घाटरस्ते आणि दमट उष्ण हवा लक्षात घेता आपल्याकडे ८० हजारांचाच आकडा धरावा. याचा काळा प्लास्टिकचा पॅन आणि आतला फिल्टर हा एकच भाग असतो. फिल्टर वेगळा काढता येत नाही, त्यामुळे तेलाबरोबर फिल्टरही बदलायचा तर पॅनच नवा बसवावा लागतो. या गाडीच्या पॅनवर साच्यातच उमटलेला २०१२ चा शिक्का होता. पॅनच्या कडेने बसणाऱ्या टॉर्क्स बोल्टच्या खाचांमध्ये जांभ्याची लाल माती वाळून घट्ट बसली होती, म्हणजे तिथे पाना लागलेलाच नव्हता. पुसलेली दिसत होती ती फक्त ड्रेन प्लगभोवतीची चार बोटं जागा. थोडं जुनं तेल सोडलं, तेवढंच नवं वर घातलं आणि बिलात 'संपूर्ण' लिहिलं.

हे बिलावरूनही पकडता आलं असतं. तेलापुढे लिटर लिहिले होते तीन. पॅन बदलून काम केलं तर साधारण सहा ते सात लिटर तेल लागतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरमधलं काही तेल तरीही आत राहतंच, त्यामुळे 'शंभर टक्के बदललं' असं कुणी म्हणालं की तिथेच थांबवून कसं ते विचारा. भरण्याची रीतही ठरलेली आहे. गाडी चारही बाजूंनी समतल हवी. इंजिन बंद असताना बाजूच्या भोकातून तेल ओसंडेपर्यंत भरायचं, मग इंजिन चालू करून ब्रेकवर पाय ठेवून सगळे गिअर फिरवायचे, आणि इंजिन चालू असतानाच पुन्हा भरायचं. तेलाचं तापमान गाडीच्या कंप्युटरला जोडायच्या स्कॅनरवर ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असताना भोकातून बारीक धार सुटली की बूच लावायचं. ज्याच्याकडे स्कॅनर नाही त्याने या कामाला हात लावू नये. तेल कमी राहिलं तर परशुराम घाटासारख्या चढावर गिअर घसरतो आणि क्लच प्लेटा जळायला लागतात. तोवर सर्व्हिस होऊन महिने लोटलेले असतात आणि 'आमच्याकडून गेली तेव्हा नीट होती' हे उत्तर तयार असतं.

बॅटरी डिकीत उजव्या अंगाला, तळाच्या पत्र्याखाली. या मॉडेलला ९० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची एजीएम बॅटरी लागते. उचलताना जीव निघतो, साधारण २६ किलो भरते. इथे निघाली ७४ एएचची साधी पाण्याची बॅटरी, वर एजीएमचं सुटं स्टिकर चिकटवलेलं. साध्या बॅटरीतून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो. डिकीत बसणाऱ्या बॅटरीला म्हणूनच गॅस बाहेर नेणारी बारीक नळी असते, ती इथे लावलेलीच नव्हती. ही नुसती लूट नाही, बंद डिकीत गॅस साठवण्याचा धोका आहे. शिवाय या गाड्यांत नवी बॅटरी बसवली की गाडीच्या कंप्युटरला ती कळवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशोबाने चालू राहतं आणि नवी बॅटरी वेळेआधी संपते. या नोंदीत किलोमीटर साठवलेले असतात. स्कॅनर लावल्यावर शेवटची नोंद ६१ हजारांची दिसली; गाडी तेव्हा १ लाख १८ हजारांवर होती.

मॉड्यूलचं प्रकरण कोकणातल्या प्रत्येक सनरूफवाल्याने नीट समजून घ्यावं. डिकीत पाणी आलं होतं हे खरं. गॅरेजने मॉड्यूल सुकवून परत बसवलं आणि 'रिपेअर'चे १९ हजार लावले. पाणी आलं कुठून हे पाहिलंच नाही, म्हणून पहिल्या पावसात ते पुन्हा आलं. सनरूफच्या चार कोपऱ्यांतून चार निचरा-नळ्या खाली उतरतात. गाडी आंब्याखाली उभी राहत होती. मागच्या उजव्या नळीच्या तोंडाशी मोहोर, पातेरा आणि लाल धूळ यांचा घट्ट बोळा बसला होता. अशी नळी कंप्रेसरच्या हवेने फुंकू नका, आतला सांधा निसटतो आणि पाणी थेट छताच्या अस्तरात उतरतं. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी हळूहळू आत सरकवायची, मग कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतून गाडीखाली थेंब पडतात का पाहायचं. मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी, वर्षातून दोनदा, हे काम घरीही होतं. आणि पाणी एकदा आत गेलं की कार्पेट वरून सुकलेलं दिसतं पण खालचा फोम ओलाच राहतो. तो बाहेर काढून उन्हात टाकल्याशिवाय कनेक्टरवरचा हिरवा गंज थांबत नाही.

इंजिन ऑइल बदललेलं होतं, पण चुकीचं. धुरातली काजळी अडवणारा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर असलेल्या या इंजिनाला बीएमडब्ल्यूच्या एलएल-०४ दर्जाचं कमी राखेचं तेल लागतं, सुमारे ५.२ लिटर. दुसरं तेल चालतं तसं दिसतं, पण त्याची राख फिल्टरमध्ये साठते आणि ती जळून जात नाही. ऑइल फिल्टर जुनाच होता, झाकणाची रबरी रिंग कडक झालेली. डॅशबोर्डवर मात्र 'पुढची सर्व्हिस'चे आकडे नवे होते. ते आकडे मेनूतून मिनिटभरात बदलता येतात, त्यावर विसंबू नका.

निघताना गॅरेजवाल्यांनी मालकांना आणखी एक भीती घातली होती: 'टायमिंग चेन गेलीय, अडीच लाख तयार ठेवा.' या गाडीत आहे त्या एन ४७ मालिकेच्या इंजिनांत, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांतल्या, चेनची तक्रार खरोखर असते. पण ही चेन इंजिनाच्या मागच्या, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, आणि खडखड तिथूनच, बहुतेकदा थंड इंजिन सुरू करताना ऐकू येते. या गाडीचा आवाज पुढून, पट्ट्याच्या बाजूने येत होता. पट्टा ताणून धरणाऱ्या टेन्शनरची पुली बदलली, आवाज गेला.

गणपतीत बंद पडलेल्या गाडीच्या मालकाची कोंडी तर याहून मोठी. घरची मंडळी गाडीत, अधिकृत सर्व्हिस सेंटर मुंबई-पुणे-गोव्याकडे, आणि जो पहिला भेटेल तो देवासारखा वाटतो. तरी मागच्या चाकांवर चालणारी ऑटोमॅटिक गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढू देऊ नका, अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंप फिरत नाही आणि आतले भाग कोरडे घासतात.

गाडी देतानाच लिहून घ्या की काढलेला प्रत्येक भाग, तेलाचे रिकामे डबे आणि जुनी बॅटरी तुम्हाला दाखवली जाईल. चॅसिस नंबर आणि किलोमीटर दिसणारा स्कॅनर रिपोर्ट कामाच्या आधी एक आणि नंतर एक मागा. बिलात भागाचा नंबर, तेलाचा दर्जा आणि लिटर हवेत. जीएसटी क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तिथल्या तिथे तपासता येतो.

फसलात, तर गाडी दुसरीकडे उघडण्याआधी पॅन, बोल्ट, बॅटरीचं लेबल यांचे तारखेसह फोटो काढा आणि उघडणाऱ्या मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने ती तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल होते, त्यामुळे गाडी खेडला फसली तरी ठाण्यात राहणाऱ्याला दर तारखेला खेडला यावं लागत नाही.