केमोसोबत घेतलेली ‘वैयक्तिक देखभाल सेवा’ : मार्च ते नोव्हेंबरचा अनुभव

आधी निकाल सांगते. सेवा घ्यावी, पण पूर्ण पॅकेज नको. नर्सचा भाग घ्या, बाकीचं सोडलं तरी काही अडत नाही. नाव मुद्दाम देत नाही, कारण मला जाहिरातही करायची नाही आणि भांडणही उकरायचं नाही.

मी इंदूरची, राहायला रामबागेत. घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, तिसरी स्टेज. ऑपरेशन झालं आणि मार्चपासून केमो सुरू झाली. दर 21 दिवसांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन, शिवाय 14 दिवस कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, त्या जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायच्या. डे-केअरमध्येच या सेवेचं विचारलं गेलं. ठरलेली एक नर्स, तुमच्यापुरता लिहिलेला आराखडा, आहारतज्ज्ञ, समुपदेशक आणि फोन, असं सगळं मिळून. फी वेगळी, आणि माझ्या विम्यात ती बसली नाही. इंग्लंडमध्ये तिथल्या सरकारी आरोग्यसेवेनं (एनएचएस) 2019 च्या आराखड्यात हे प्रत्येक कॅन्सररुग्णाला द्यायचं ठरवलं होतं. इथे आपल्यालाच पदरचे पैसे मोजावे लागतात.

पहिल्या भेटीत एक कागद दिला. त्यावर थर्मामीटरचं चित्र, 0 ते 10. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला तिथे खूण करायची. 4 किंवा वर गेलं की पुढे सविस्तर बोलायचं. खाली यादी : पैसा, झोप, मुलं, देवधर्म, काम. मी 6 वर खूण केली आणि ‘काम’ला गोल केला. लग्नसराईच्या ऑर्डरी हातात होत्या, त्यांचं काय करायचं हीच मोठी काळजी होती. नर्स केरळची, बोलते हिंदीत. तिनं विचारलं, “आंटीजी, सुई में धागा डाल लेती हो?” मला वाटलं गंमत करतेय. पण ऑक्सॅलिप्लॅटिन हातापायांच्या नसांना त्रास देतं, म्हणून ती विचारत होती. फाइलच्या पहिल्याच पानावर तिनं लिहिलं : सिलाई का काम, दोनों हाथ.

या एका ओळीचा पुढे खरा उपयोग झाला. केमो तीन महिने द्यायची की सहा, हा प्रश्न होता. 2018 मध्ये 12,834 रुग्णांच्या माहितीवर झालेला आयडिया नावाचा मोठा अभ्यास आहे. कमी धोक्याच्या तिसऱ्या स्टेजमध्ये, माझ्यासारख्या औषधजोडीवर, तीन महिने जवळजवळ तेवढेच पुरतात असं त्यात दिसलं. आणि नसांचा ठळक त्रास 45 टक्क्यांवरून 14 वर येतो. डॉक्टरांनी माझे रिपोर्ट त्यात बसतात हे पाहिलं, फाइलवरची ओळ वाचली आणि तीन महिने ठरवले. दर भेटीला नर्स मला सुईत दोरा ओवायला लावायची आणि एक हुक लावून दाखवायला सांगायची. डॉक्टरांना तेवढा वेळ कुठला!

थंडाव्याचंही तिनंच आधी सांगून ठेवलं. सलाईननंतरचे काही दिवस गार वस्तूला हात लावला की करंट लागल्यासारखं होतं, गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा वाटतो. इंदूरचा एप्रिल-मे आणि माठाचं पाणी बंद! शिकंजीचं तर नावच नको. फ्रिजमधला डबा मी नॅपकिन गुंडाळून काढायची. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्या पहिल्याच दिवशी बर्फाचं पाणी प्यायल्या आणि घाबरून रडल्या.

एकदा घरी येऊन तिनं माझ्या सगळ्या गोळ्या डायनिंग टेबलावर ओतल्या. सुनेनं ताकदीसाठी आणलेली मल्टीव्हिटॅमिन बाजूला ठेवली. त्यात फॉलिक ॲसिड होतं आणि त्यानं कॅपेसिटाबीनचा त्रास वाढू शकतो. डॉक्टरांनी ती बंदच केली. कॅपेसिटाबीननं तळहात लाल व्हायला लागले तेव्हा डायक्लोफिनॅक जेलबद्दल डॉक्टरांना विचारा, असंही तिनंच सुचवलं. दिल्लीच्या एम्समध्ये 264 रुग्णांवर त्याची चाचणी झालीय, 2024 मध्ये छापून आली. मला लावायला मिळालं, बरं वाटलं.

आता बाकीचं. ‘24 तास फोन’ म्हणजे रात्री कुणीतरी “इमर्जन्सीत या” एवढंच सांगणार, तेही उचलला तर. नशीब, नर्सनं फ्रिजवर कार्ड चिकटवून दिलं होतं : ताप 100.4 गेला की क्रोसिन घेऊन वाट बघायची नाही, थेट रुग्णालयात जायचं. आहाराचा तक्ता तर कुठल्या देशाचा होता कोण जाणे. ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह ऑइल. बाहेरचे पोहे बंद, हे समजलं. पण घरचे गरम पोहे, मुगाची खिचडी, वरण-भात यांचा उल्लेखच नाही. मी विचारल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी तोच तक्ता पुन्हा पाठवला. समुपदेशक व्हिडिओवर, छान गोड बोलायचे, पण पुढचा प्रश्न कागदावरून वाचतात हे दिसत होतं. ह्यांना मात्र त्यांचा फायदा झाला. ह्यांनी माझ्या आजारात कुणाशी एक शब्द बोलला नव्हता, ते त्या माणसाशी अर्धा-अर्धा तास बोलायचे.

नर्सची खरी किंमत केमो संपल्यावर कळली. मेमध्ये शेवटचं सलाईन झालं आणि जुलैत मुंग्या कमी व्हायच्या तर वाढल्या. तिनं आधीच सांगितलं होतं की औषध थांबल्यावरही दोन-तीन महिने त्रास चढू शकतो. नाहीतर मी रोग परत आला म्हणून हाय खाल्ली असती. आता मशीनची सुई ओवता येते, हातशिलाईला अजून ओवणी लागते. उजव्या अंगठ्याचं टोक बधिर आहे, त्यामुळे काज करायचं काम घेत नाही.

पुढच्या सहा महिन्यांसाठी नूतनीकरण करताना आहारतज्ज्ञ काढून टाकला, नर्स ठेवली. समुपदेशक ह्यांच्या नावावर करता येईल का, असं ऑफिसला विचारलंय. ‘पेशंट कोण?’ असा मेसेज आलाय.