लॉनवर तपकिरी चट्टे: हुमणी की बुरशी?

पावसाळा सरत आला की बेळगावात टिळकवाडी, हिंदवाडीतल्या बंगल्यांपुढच्या लॉनवर तपकिरी चट्टे दिसू लागतात, आणि लोक सरळ बुरशीनाशक आणून फवारतात. कृपा करून आधी मूठभर गवत ओढून बघा.

हुमणी ही मातीतली अळी गवताची मुळंच खाते. त्यामुळे गवत सतरंजीसारखं अलगद उचललं जातं. खाली बोटभर उकरलं की पांढरी, तपकिरी डोक्याची, अर्धगोल वळलेली अळी सापडते; निपाणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. साळुंक्या, कावळे एकाच जागी टोचत असतील तर तिथंच उकरा. चौरस फुटात एखाद-दुसरी अळी निरोगी गवत सोसतं. 8-10 निघाल्या तर थांबू नका.

बुरशीत मुळं घट्ट राहतात. चट्टा बहुधा गोल असतो, पात्यावर फिकट डाग आणि त्याला गडद कड. भल्या सकाळी, दव असतानाच बघा: पांढरे बारीक तंतू दिसतात, ऊन चढलं की नाहीसे होतात.

बुरशीला माझ्या मते औषधाची घाई नको. संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी द्या, युरिया थांबवा, साचलेल्या पाण्याला वाट काढा. बऱ्याचदा तेवढ्यानं भागतं.

हुमणीसाठी मात्र मेटारायझियम ही उपयोगी बुरशी ओल्या मातीत, ऊन उतरल्यावर द्यावी. आणि पुढच्या वर्षी वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर रात्री जमणारे भुंगेरे (हुमणीचीच वाढ झालेले किडे) गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाकावेत.