जिप्सीचा आवाज शोधून देणारं भोसरीचं गॅरेज: माझा अनुभव

गाडी 2004 ची मारुती जिप्सी किंग, पेट्रोल, 1298 सीसी. असते साताऱ्यात, महिन्यातून दोनतीनदा यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला जाते कारण आमचं थोडं शेत तिकडे आहे. गेल्या दिवाळीच्या आसपास आवाज सुरू झाला आणि बारीकसारीक नाही, 45 च्या पुढे ॲक्सिलरेटर दाबला की सीटखाली कुणीतरी जातं फिरवतंय असं घरघरायचं, गिअरचा दांडा हातात थरथरायचा आणि शेजारी बसलेल्याशी ओरडून बोलावं लागायचं. पाय उचलला की निम्मा आवाज गायब.

आधी जवळच्याच एका ठिकाणी दाखवली. एक चक्कर मारली आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग गेलंय म्हणाले. गिअरबॉक्स उतरवला, बेअरिंग, सील, सिंक्रो सगळं नवीन घातलं, 23,000 गेले आणि आवाज होता तसाच. मग म्हणाले डिफ्रन्शियल (डिफ, दोन चाकांमधला गिअरचा गोळा) असेल, त्यातले क्राऊन-पिनियन गिअर बदलून बघू. बघू म्हणजे काय? तिथेच गाडी उचलली आणि आणली परत.

एका जिप्सीवाल्या मित्राने पुण्याजवळच्या भोसरीचं हे गॅरेज सांगितलं. बोर्ड नाहीये, निळ्या पत्र्याची शेड आहे आणि बाहेर कायम दोनचार जुन्या जीपा, जिप्स्या उभ्या असतात त्यावरून कळतं. मिस्त्री साठीचे असतील. फोनवरच सांगितलं की बघायचे 800 वेगळे, मग काम करा नाहीतर नका करू. मला तेव्हा ते जास्त वाटले होते.

गेल्या गेल्या गाडी वर घेतली नाही की पाना हातात घेतला नाही. मला शेजारी बसवलं आणि म्हणाले, "दादा, आवाज कधी येतो ते मी ऐकतोच, कधी येत नाही ते तुम्ही सांगा." मी म्हटलं उतारावर येत नाही. मग मोकळ्या रस्त्यावर 60 ला नेऊन गिअर न्यूट्रल केला, गाडी नुसती घरंगळू दिली, आवाज जवळजवळ बंद. गाडी डावीउजवीकडे झुलवली, फरक नाही, म्हणाले व्हीलबेअरिंग असतं तर वजन एका बाजूला गेलं की आवाज बदलला असता. टायरचा असता तर न्यूट्रलमध्येही राहिला असता.

परत येऊन गाडी उभी केली, चाकांना उटी लावल्या, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधून आलेली ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) न्यूट्रलला टाकली आणि गिअरबॉक्स चौथ्यात घालून रेस दिली. हे मला माहीतच नव्हतं की असं करता येतं, गाडी जागेवर उभी आणि आत गिअरबॉक्स फिरतोय. आवाज नाही. ते म्हणाले एवढ्यावर गिअरबॉक्स संशयातून सुटला असं मी म्हणणार नाही कारण यात लोड नाहीये, पण दांडा थरथरत नाहीये हे लक्षात ठेवा.

मग खरी गंमत. माझ्या गाडीला आधीच्या मालकाने हाताने फिरवायचे लॉकिंग हब बसवलेत, त्यांनी पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवता-जोडता येतात. हब फ्री आणि गाडी टू व्हील ड्राइव्हमध्ये असली की पुढचा डिफ आणि पुढचा प्रॉपशाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफपर्यंतचा दांडा) फिरतच नाही, आणि आवाज तर येतोय, म्हणजे पुढचं सगळं सुटलं. मागचं कसं सोडवायचं? मागचा प्रॉपशाफ्ट बोल्ट काढून खाली घेतला, हब लॉक केले, फोर हायमध्ये (म्हणजे फोर व्हील ड्राइव्हमध्ये) टाकली आणि फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालवली! (दोन्ही शाफ्ट जागेवर असताना कोरड्या डांबरावर फोर हायमध्ये वळणं घेऊ नका हेही बजावलं, पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफ नसल्यामुळे सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर येतो.) आवाज तसाच्या तसा. म्हणजे ज्या क्राऊन-पिनियनवर मी पुढचे पैसे घालणार होतो त्याचा काही संबंधच नव्हता. हे कळायला जेमतेम अर्धा तास लागला.

उरलं काय तर पुढे-मागे दोन्हीला सामाईक असलेलं: गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि त्यांच्या मधला छोटा शाफ्ट. इथे जिप्सी वेगळी पडते. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला मागून थेट बोल्ट केलेली असते, जिप्सीत ती सुटी, चेसिसला तीन रबरी फाउंडेशनवर टांगलेली, आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट दोन क्रॉसवर (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांवर). ज्यांचा हात फक्त जीप, बोलेरोवर बसलाय त्यांच्या डोक्यात हा शाफ्ट येतच नाही असं मला वाटतं.

गाडी घोड्यांवर घेतली आणि मिस्त्रींनी ट्रान्सफर केसखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून नुसती उचलली तर ती बोटभर वर आली. एका फाउंडेशनचं रबर लोखंडापासून पूर्ण सुटलेलं, दुसऱ्याला चीर. म्हणजे ॲक्सिलरेटर दिला की केस पिळली जायची, छोट्या शाफ्टचा कोन बिघडायचा आणि त्या कोनात तो घरघरायचा, पाय उचलला की केस परत जागेवर. क्रॉसच्या टोप्यांपाशी लाल भुकटी साचलेली, आत ग्रीस संपून गंज धरला की ती दिसते म्हणे. शाफ्ट हातात धरून पिळला तर चाल (ढिलाई) मलासुद्धा जाणवली. गिअरबॉक्स उतरवताना हाच शाफ्ट सोडावा लागतो, म्हणजे आधीच्या माणसाच्या हातात तो येऊन गेला होता आणि त्याने तो तसाच परत लावला. याचा मला अजून राग येतो.

तीनही फाउंडेशन, दोन्ही क्रॉस, ट्रान्सफर केसचं ऑइल (निम्मंच उरलं होतं, सील पाझरत होतं, तेही बदललं) आणि मजुरी, बघायच्या 800 सकट 7,400. जुने पार्ट पिशवीत घालून दिले. शाफ्ट परत बसवताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत का ते मला खाली बोलावून दाखवलं, रेषेत नसले तर थरथर येते.

आता तक्रारी. चार दिवस लागले, दोन सांगितले होते, कारण नाना पेठेत फाउंडेशन मिळाले ते डुप्लिकेट, रबर नखाने दाबलं जात होतं, ते मिस्त्रींनी परत पाठवले. कारण पटलं पण मला फोन केला नाही, मीच सव्वाशे किलोमीटरवरून रोज विचारत होतो, आणि फोन दहातला एक उचलतात. बसायला जागा नाही, उन्हाळ्यात हाल होतील. पक्कं बिल मागितल्यावर मिळालं, आपणहून नाही. सेकंडमध्ये पाय उचलल्यावर थोडा 'टक्' अजून येतो, तो मागच्या डिफच्या चालीचा आहे, आत्ता हात लावू नका म्हणाले, वर्षभराने बघू.

परत येताना खंबाटकी चढलो. तिसऱ्यात, भरल्या गाडीने, पाय दाबून. मागे बसलेली आई तिच्या नेहमीच्या हळू आवाजात बोलत होती आणि मला प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

जाणार असाल तर सकाळी साडेनवाच्या आत पोचा, दुपारनंतर ते रोड टेस्ट घेत नाहीत. टाकीत निदान दहा लिटर पेट्रोल ठेवा, चकरा बऱ्याच होतात.